जामिनाआधीची क्षमा

अक्षतच्या जामिनासाठी वकील जयतीर्थ तिसऱ्यांदा न्यायालयात उभे राहणार होते, आणि एरवी कोणत्याही मुद्द्यावर वाद घालणाऱ्या त्यांना त्या सकाळी बोलण्याचाच कंटाळा आला होता. आवडी या उपनगरातील सराफी दुकानावर पडलेल्या सशस्त्र दरोड्यात तेथील पहारेकरी कोयत्याच्या वाराने जायबंदी झाला होता. अक्षत त्या टोळीत नव्हताच, हा त्यांचा युक्तिवाद होता. दरोडेखोरांत त्याला ओळखल्याचे सांगणारा साक्षीदार तो पहारेकरी एकटाच.

व्हरांड्यात अक्षतची आई हेमावती भेटली. ती त्यांची मोठी चुलत बहीण. काल आपण पहारेकऱ्याच्या घरी जाऊन आलो, हे तिने मोकळ्या मनाने सांगितले. घरातल्या माणसाचे नाव कुणाच्या दुखापतीशी जोडले गेले, तर दोष ठरण्याची वाट न पाहता थोरल्या बाईने पानसुपारी घेऊन त्या घरी क्षमा मागावी, ही त्या तंजावरी मराठी कुटुंबाची जुनी रीत होती. पहारेकऱ्याच्या बायकोने पानसुपारीचे ताट दोन्ही हातांनी घेतले होते.

"अक्का, त्यानं केलंच नाही असं मी आत सांगणार, आणि तुम्ही क्षमा मागून आलात?"

"माणूस अंथरुणाला खिळलाय, जयतीर्था. कॉफी पीत घरी बसू? वकील होण्याआधी तूही आपल्यातलाच होतास."

घरी आलेली बाई किती चांगली, असे पहारेकऱ्याच्या बायकोने पोलिसांना कौतुकाने सांगितले होते. सरकारी वकिलांनी तेच आवाज न चढवता मांडले: आरोपी तुरुंगात असतानाच घरचे एकमेव साक्षीदारापर्यंत पोचतात, तर तो सुटल्यावर काय होईल? आणि निर्दोष मुलासाठी क्षमा कशाची?

जयतीर्थांनी रीत विस्ताराने समजावली. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून विचारले, बाईंनी मुलाचे नाव घेतले होते काय? जयतीर्थांनी मागे वळून पाहिले. हेमावतीने होकारार्थी मान हलवली. त्यांनी न्यायाधीशांना 'हो' सांगितले. पहारेकऱ्याची साक्ष नोंदली जाईपर्यंत जामीन नाही, असा आदेश झाला.

साक्ष केव्हा, असे तिने बाहेर विचारले. कदाचित वर्षभराने, असे ते म्हणाले. ती पायरीवर बसली.

"पुळलच्या तुरुंगात त्याला मीच सांगते," ती उठत म्हणाली. "माझ्यामुळे राहिला, हे त्यानं माझ्याकडून ऐकावं. तू येऊ नकोस. तू माझी बाजू मांडत बसशील."