काळ्या खडकापलीकडे

ए. चार्ल्स नावाचे पाहुणे गुरुवारी येणार, असा निरोप फोनवर आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आमच्या ग्रेनाडात चार्ल्स पायलीचे पन्नास. मी नेहमीसारख्या चादरी बदलल्या, टाकी भरून घेतली, चिंचेचं सरबत करून ठेवलं.

किनाऱ्यावरचं हे दोन खोल्यांचं घर मी बारा वर्षं सांभाळतेय. मालकीणबाई टोरोंटोत दातांच्या डॉक्टर आहेत. वर्षातून एकदा येतात, खिडक्यांचा रंग बदलायला सांगतात आणि जातात. बाकी पाहुणे आले की किल्ली देणं, घर दाखवणं आणि राहायचं कसं ते समजावून सांगणं, हे माझं काम.

टॅक्सी फाटकाशी थांबली. मागचं दार उघडून एक म्हातारा उतरला. डोक्यावर ठिपक्याठिपक्यांची लष्करी टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो माझ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काय गं इझी, पाहुण्याला आत घेशील की बाहेरच ठेवशील?"

माझ्या हातातला जग खाली पडला. सरबत पायांवर, काचा अंगणभर. तो माझा थोरला भाऊ ॲल्बन होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला तो हडर्सफील्डलाच राहिला. दर रविवारी फोनवर त्याचा चेहरा दिसायचा, पण फोनमधला चेहरा आणि हाडामांसाचा माणूस यांत केवढं अंतर असतं ते मला त्या क्षणी कळलं.

"दादा... माझ्या घरी नाही उतरलास?"

"तुझ्या घरी आलो असतो तर मला पलंग देऊन तू जमिनीवर झोपली असतीस. इथे मी गिऱ्हाईक. आता बोल, चांगली बडदास्त ठेव."

तो हसत होता. मी रडत होते. आणि त्याचा पुढचा प्रश्न काय असणार ते मला रडता रडताही ठाऊक होतं.

"थॅडी कुठाय?"

थॅडी नोएल म्हणजे ॲल्बनचा जिवाभावाचा दोस्त. दोघं एका होडीत वाढले. थॅडी दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गेला. त्याच आठवड्यात हडर्सफील्डला ॲल्बनची छाती उघडून डॉक्टरांनी त्याचं हृदय दुरुस्त केलं होतं. त्याची मुलगी फोनवर रडत म्हणाली, "आत्या, बाबांना कसलीही वाईट बातमी सांगू नकोस हं." मी नाही सांगितली. पुढे तो बरा झाला, पण तोवर चार महिने लोटले होते. चार महिने दडवलेली बातमी कुठल्या तोंडाने सांगायची? मग मी थॅडीला बोलण्या-बोलण्यात गोयाव गावी लेकीकडे पाठवून दिलं. फोनवर बोलायचा त्याला कंटाळा, असंही सांगून टाकलं.

"गोयावला," मी म्हटलं. "रविवारी येईल."

"म्हातारा बैल! मी आलोय कळलं तर पोहत येईल."

मी विषय बदलायला म्हणून घर दाखवू लागले. तोंडपाठ असलेलं सगळं सुरू केलं. पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी जातं, तेव्हा टाकीचं वापर. कागद संडासात टाकू नको, डब्यात टाक. उन्हं कलली की खिडक्या लाव, नाहीतर वाळूतल्या माश्या फोडून काढतील. दुकानात शिरलास की आधी 'गुड मॉर्निंग' म्हण, मग भाव विचार.

"इझी, मला सांगतेस? याच गावात जन्मलोय मी!"

"मग ती टोपी काढ."

"का? बरी दिसत नाही?"

"लष्करी कापड अंगावर दिसलं तर पोलीस पकडतात. कायदा आहे."

त्याने टोपी काढली, उलटसुलट करून पाहिली. त्याचा चेहरा पडला. "माझ्या वेळी नव्हता," एवढंच म्हणाला. मग पुन्हा उसनं अवसान आणून म्हणाला, "बरं, अजून काय? नारळाखाली बसू नकोस? विषारी सफरचंदाच्या झाडाखाली पावसात उभा राहू नकोस? की समुद्राचंही शिकवणार आहेस? तुला पोहायला कुणी शिकवलं? मी आणि थॅडीने. उद्या सकाळी काळ्या खडकाला वळसा घालून येतो बघ."

इथे मी बोलायला हवं होतं.

काळ्या खडकापलीकडे पूर्वी प्रवाळाची भिंत होती. आतलं पाणी तळ्यासारखं. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात ती भिंत फुटली. आता तिथून पाणी आत येतं आणि एका अरुंद वाटेने जोराने बाहेर खेचलं जातं. वरून दिसायला ती वाट सगळ्यांत शांत, एक लाट नाही. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. थॅडी नवखा नव्हता. अडकलेलं जाळं सोडवायला तो उतरला आणि परत आला नाही.

हे सगळं फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेलं होतं. मालकीणबाईंनी टाइप करून लावलेला कागद. सहाव्या ओळीत ठळक अक्षरांत: काळ्या खडकापलीकडे पोहू नका, दोन वर्षांपूर्वी गावातला सगळ्यांत जाणता कोळी थॅडियस नोएल इथे बुडाला.

ॲल्बन बॅग उघडायला आतल्या खोलीत गेला. मी तो कागद फ्रिजवरून काढला, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकला. उद्या न्याहारी झाली की शेजारी बसवून शांतपणे सांगू, असं ठरवलं. एक्केचाळीस वर्षांनी आलेल्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी काय रडवायचं?

सकाळी पावणेसातला मी तळलेल्या पावांचा आणि खाऱ्या माशाचा डबा घेऊन पोचले. दार सताड उघडं. पायरीवर सपाता. कठड्यावर टॉवेल नव्हता.

डबा तिथेच टाकून मी धावले.

टॉवेल वाळूत पडला होता आणि ॲल्बन खडकाच्या पलीकडे गेलेला होता. आधी मला वाटलं, मजेत पोहतोय. हात चालत होते, तोंड किनाऱ्याकडे होतं. मग लक्षात आलं, हात किनाऱ्याकडे चालताहेत आणि डोकं मात्र लहान लहान होत चाललंय.

"आडवा पोह! दादा, आडवा! किनाऱ्याकडे नको!"

त्याला काय ऐकू जाणार? त्याने एकदा हात वर केला. मी कपड्यांनिशी पाण्यात शिरले. पाणी छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकू लागली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, मागे फीर! एकाला काढू की दोघांना?"

केंडल होता तो. थॅडीचा मुलगा. जाळं होडीत भरत होता, ते तसंच वाळूत फेकून त्याने होडी लोटली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. होडी खडकाला लांबून वळसा घालून गेली. मी पाण्याच्या कडेला उभी होते आणि मला देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं. ॲल्बनचं डोकं खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं, आणि मग मला फक्त केंडलची वाकलेली पाठ दिसत राहिली.

त्याने ट्यूना ओढावा तसं त्याला काखेत हात घालून आत ओढलं.

वाळूवर आणल्यावर ॲल्बन कुशीवर पडून पाणी ओकत होता. ओठ राखेसारखे. छातीवरची शस्त्रक्रियेची लांब खूण थरथरत होती. केंडलही थरथरत होता, पण रागाने. त्याला हा म्हातारा कोण ते ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी आणखी एक पाहुणा.

"फ्रिजवर कागद लावलाय ना?" तो ओरडला. "वाचता येत नाही? माझा बाप गेला याच पाण्यात, आणि तुम्ही लोक मजा म्हणून तिथेच उतरता!"

ॲल्बनने मान वर केली. "कुठला कागद?" मग थांबून, दम घेत, "तुझा बाप कोण?"

"थॅडी नोएल."

ॲल्बनने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा भाऊ बुडताना जेवढा घाबरलेला दिसला नसेल तेवढा तो आता दिसत होता.

"कागद मी काढला," मी म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हटलं.

केंडल माझ्याकडे बघत राहिला. जणू मी कोण हे त्याला ओळखू येत नव्हतं.

ॲल्बनला दोन रात्री दवाखान्यात ठेवलं. मी उशाशी बसून असायचे. तो छताकडे बघायचा, नर्सशी बोलायचा, माझ्याशी नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला पपई भरवत होते तेव्हा त्याने चमचा बाजूला केला.

"दर रविवारी मी त्याला निरोप धाडायचो. तू सांगायचीस, 'तोही तुझी फार आठवण काढतो.' ते कुणाचं बोलणं?"

"माझं."

"वाटलंच. इतकं गोड तो कधी बोलला नाही." त्याला हसू आलं, पण ते हसू अर्ध्यावरच मोडलं आणि तो हमसून हमसून रडला. मी हात धरायला गेले, तर त्याने हात सोडवून घेतला. "मरता मरता वाचलो त्याचं मला काही नाही गं. पण दोन वर्षं मी मेलेल्या माणसाशी गप्पा मारत होतो, आणि तू मारू दिल्यास."

मी पपईची वाटी झाकून ठेवली.

दवाखान्यातून सुटल्यावर त्याने मला केंडलच्या घरी घेऊन जायला सांगितलं. फाटकाशी पोचल्यावर म्हणाला, "तू इथेच थांब." तो एकटा आत गेला. केंडल पायरीवर जाळं शिवत बसला होता. ॲल्बन त्याच्या शेजारी बसला. त्याने जाळ्याचं दुसरं टोक उचललं, सुई मागून घेतली आणि एक गाठ मारली. केंडलने ती गाठ पाहिली आणि म्हणाला, "अशी गाठ बाबा मारायचे."

"मीच त्याला शिकवली. की त्याने मला. यावरून आमची पंधरा वर्षं भांडणं."

मग केंडल हळूहळू सांगू लागला: ऑक्टोबरची ती सकाळ, जाळं कुठे अडकलं, दोन दिवसांनी बाप कुठे सापडला, चर्चमध्ये लोक मावले नाहीत म्हणून कसे रस्त्यावर उभे राहिले. मला सगळं माहीत होतं. मी स्वतः त्या गर्दीत उभी होते. तरी फाटकाच्या या बाजूने ऐकताना मला वाटलं, मी हे पहिल्यांदाच ऐकतेय.

दुपार झाली. केंडलच्या बायकोने नारळाच्या दुधात शिजवलेल्या नीरफणसाच्या दोन थाळ्या पायरीवर नेऊन ठेवल्या. मग आतून तिसरी थाळी आणून तिने माझ्या हातात दिली. या, बसा, असं कुणी म्हणालं नाही. मी तिथेच, फाटकाशी उभी राहून जेवले.