एक कढई, दोन ठसे

न्यायालयाचा निकाल कारखान्याच्या फाटकावर चिकटवला होता, पण तो वाचून कुणाला काही समजलं असेल तर शपथ. ठसेवाल्याने तो तीनदा वाचला. साबणाच्या वड्यांवर ठसा मारायच्या यंत्रापाशी तो सव्वीस वर्षं उभा होता, म्हणून सगळे त्याला ठसेवालाच म्हणत. त्याला कळलं ते एवढंच: बाजारातले दोन्ही साबण, होडी आणि कंदील, एकाच मालकाचे निघाले, आणि हे यापुढे चालणार नाही. कंदील दुसऱ्या मालकाला द्यायचा. मधोमध भिंत उठणार. कोण कुठल्या बाजूला जाणार ते शुक्रवारी पाचपर्यंत प्रत्येकाने फॉर्मवर लिहून द्यायचं. न लिहिणारा घरी बसेल.

आज शुक्रवार होता आणि फॉर्म खिशात कोराच होता.

गावाला धक्का बसला तो निकालाने. आतल्यांना आधीपासून ठाऊक होतं. साबण शिजवायची कढई एकच. सकाळी होडीचा ठसा, जेवणाच्या सुट्टीनंतर चार बोल्ट सैल करून त्याच यंत्राला कंदिलाचा. वडी तीच, वास तोच. कागद तेवढा निळ्याचा पिवळा. नोकरीला लागताना त्याच्याकडून सही घेतली होती, की हे बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही.

आणि घरी नेमका कंदील यायचा.

"तुमच्या कंपनीचा साबण माझ्या घरात नको," बायको म्हणायची. "पगार त्यांचा, साबणही त्यांचा, मग आपलं काय उरलं? दुकानात दोन असले तर दुकानदार सरळ बोलतो. एकच उरला की, घ्यायचा तर घ्या नाहीतर चालू पडा." मग धुतलेला शर्ट खिडकीशी धरायची. "बघा कॉलर. तुमच्या होडीने एवढी स्वच्छ निघाली असती?"

"नसती," तो म्हणायचा आणि हसू येऊ नये म्हणून पेपर वर धरायचा.

निवृत्त झालो की सांगू आणि दोघं पोट धरून हसू, असं त्याने ठरवलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. ती तेवढी थांबली नाही. तिला जाऊन आठ महिने झाले.

सकाळी मुलीचा फोन आला होता. "बाबा, होडीतच राहा. कंदील वर्षभरात बंद पडेल असं सगळे म्हणतायत. या वयात तुम्हाला कोण ठेवून घेईल?" पोरीचं चुकत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत कढईवाला डबा घेऊन शेजारी बसला. साबण शिजवणारा हा एवढाच त्याचा मित्र.

"लिहिलंस?"

"नाही. तू?"

"होडी. कढई इथे, म्हणून मी इथे. त्या बाजूला अजून चूलसुद्धा नाही. तू कशाला डोकं खाजवतोयस?"

"काही नाही रे. हिला शेवटपर्यंत कळलं नाही, याचं वाईट वाटतं. फसवलंच मी तिला."

कढईवाल्याचा घास हातातच राहिला. "कुणाला? वहिनींना? अरे बाबा, त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कढई एकच आहे ते. आमच्या हिने सांगितलं होतं. तू कामाला लागलास त्याच वर्षी, नळावर."

"सहीचं काय मग?"

"सही मी केली होती, बायकोने कुठे केली होती?" कढईवाला हसला, पण समोरचा हसत नाही हे बघून हळू बोलायला लागला. "वहिनी म्हणाल्या होत्या म्हणे, यांना कळू देऊ नका. बिचारे एवढं गुपित सांभाळतायत, सांभाळू देत."

"मग घेत का होती कंदील?"

"ते मी कसं सांगू? माझीही अजून तोच घेते. विचारलं तर म्हणते, कागद बरा दिसतो."

सुट्टी संपली. ठसेवाल्याने बोल्ट सैल केले, आणि हातात कुठला ठसा धरलाय ते त्याला क्षणभर कळेना. एकदा दोन्ही साबण एकाच दिवशी महागले होते. ती पदर खोचत म्हणाली होती, "दोघा मालकांना एकाच दिवशी कसं हो सुचतं?" आणि त्याच्याकडे बघत राहिली होती. तो पेपरात शिरला होता. तेव्हा ती विचारत होती की चिडवत होती? आणि ती कॉलर? खरंच फरक दिसायचा, की पेपरामागे तो हसतो तेच तिला बघायचं असायचं? आणि ते दुकानात दोन हवेत म्हणणं? तेही थट्टेतच? की दोन नाहीत हे माहीत असूनही असावेत असं वाटायचं तिला? सव्वीस वर्षांत कोण कुणाला फसवत होतं? विचारायला माणूसच नव्हतं. त्या शुक्रवारी दुपारी त्याने चाळीस वड्यांवर ठसा उलटा मारला.

पाचला दहा कमी असताना तो फॉर्म घेणाऱ्या बाईंपुढे उभा राहिला.

"अहो, कोराच आहे."

"एक विचारू का? तिकडे कढई वेगळी असणार?"

"असणारच. कोर्टाने तेच सांगितलंय. आता खरोखरचे दोन साबण. नव्या मालकाला गिऱ्हाईक मिळवायचं तर काहीतरी चांगलं द्यावंच लागेल. पण काका, खात्री काही नाही हं तिकडे. इकडे सगळं बसलेलं आहे."

"म्हणजे कॉलरला फरक पडेल?"

"काय?"

"काही नाही."

त्याने बाईंचं पेन घेतलं आणि कंदील लिहिलं. आपण शहाणपणा केला की पोरीच्या भाषेत वेडेपणा, ते त्याला कळत नव्हतं. खाली एक रकाना होता: निवड करण्याचं कारण. तिथे तो बराच वेळ थांबला. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी त्याने लिहिलं, घरी हाच लागतो.

बाईंनी वाचलं आणि शिक्का उचलला. "घरी कोण कोण असतं काका?"

"मी," तो म्हणाला. मग, "मीच," म्हणाला, आणि पेन परत द्यायचं विसरून बाहेर पडला.