‘१ जनावरे’ छापणारे यंत्र

मार्च १९७३. सकाळी नऊ वाजता मालनबाईंचा बैल चारा छावणीच्या फाटकावरून परत फिरवला गेला. कारण होते मी छापलेली चिठ्ठी.

मित्रांनो, मी एक जुने, चिठ्ठ्या छापणारे यंत्र आहे. भोके पाडलेली कार्डे माझ्या पोटात सरकतात. कोणत्या भोकाला कोणता शब्द उमटवायचा, हे माझ्या फळीत खोचलेल्या तारा ठरवतात. मला स्वतःचे डोके नाही. ज्यांना आहे, त्यांचीच मला शिसारी आली आहे.

माझी पहिली वर्षे कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात गेली. हेमचंद्र नावाच्या साहेबांनी माझ्या तारा जोडल्या. माझ्यापुढे नारळ फुटला, हार पडला, फोटोही निघाला. पहिल्याच दिवशी मी छापले, ‘१ गाड्या ऊस’. गाडीवान बन्सी खदखदून हसला. “सायेब, म्या एकच गाडी आनली. बाकीच्या तुमी घातल्या व्हय?”

“तुला कळलं ना? मग झालं,” साहेब म्हणाले.

‘१’ हा आकडा आला की ‘गाड्या’ऐवजी ‘गाडी’, एवढ्यासाठी आणखी एक तार लागत होती. अर्ध्या तासाचे काम. ते झाले नाही. मी ती घाण रोज ओकत राहिलो.

दुष्काळात मला पारनेरजवळच्या या छावणीच्या कचेरीत आणले. आता माझी धूळ कोणी पुसत नाही, शाईच्या फितीवर माश्या बसतात. ‘गाड्या’ जाऊन ‘जनावरे’ हा शब्द आला. ती एक तार मात्र तेव्हाही जोडली नाही. “बैल काय, जोडीनंच असतात,” असे म्हणून हेमचंद्र पुण्याला गेले. इथे मात्र घरोघरी एकेकच बैल. पेरणीला शेजाऱ्याशी सावड करायची, दोघांचे दोन बैल एका औताला जुंपायचे.

फाटकावर विष्णुपंत कारकून बसतात. आकडा आणि शब्द जुळला नाही की चिठ्ठी रद्द, हा त्यांचा नियम. मालनबाईंच्या चिठ्ठीवर मी छापले होते, ‘१ जनावरे’.

“एकापुढचं शून्य खोडलंत बाई तुम्ही.”

“म्या? मला पेन धरता येतोय का, पंत?”

“मग बाकीची जनावरं कुठायत?”

“बाकीची कुठली? ह्यो एकलाच हाय. चार दिस झालं, दाताखाली काडी न्हाई त्याच्या. तुमीच सुदरा की.”

“यंत्राच्या चिठ्ठीवर हातानं लिहिता येत नाही.”

मालनबाई तडक गावात गेल्या आणि सावडीतल्या कारभारी नावाच्या शेजाऱ्याचा बैल घेऊन आल्या. “घ्या! आता झाली का जनावरं?”

पंतांनी चष्मा सारखा केला. “जनावरं झाली. पण आकडा एकच आहे.”

“मंग एकाला तरी आत घ्या!”

“कोणत्या? चिठ्ठीत तसं लिहिलेलं नाही.”

दोन्ही बैल फाटकाबाहेरच राहिले. फाटकाच्या आत कडब्याची गंज उभी होती.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, त्याची धूळ पुसा. पण आधी त्याने छापलेले वाचा. ज्याच्या हातात ते पडणार आहे, त्याच्या जागी उभे राहून वाचा. एवढे करणार नसाल, तर आम्हाला हार घालू नका.

कचेरीने हेमचंद्रांना पुण्याला तार केली आहे. संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर आलेले नाही. मालनबाईंचा बैल दुपारी फाटकाबाहेर बसला, तो अजून उठलेला नाही.