गळले मी, चोर ठरला बाबालाल

मी एक जुनी होडीची मोटर आहे. आधीच सांगून ठेवते, माझी कीव करू नका. भिंतीला टांगलेली दिसते म्हणून कोणी 'बिचारी' म्हटलेले मला खपत नाही. मला माझी गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी मान ताठ ठेवूनच सांगणार.

मित्रांनो, माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका गोऱ्या साहेबाने मला कोल्हापुरात आणले, ते रंकाळ्यावर बदकांच्या मागे फिरायला. पुढे तिकडे मोठी लढाई जुंपली, साहेब निघून गेला आणि माझा लिलाव झाला. नावेचे मक्तेदार गणपतराव यांनी मला घेतले, बैलगाडीत घातले आणि कुरुंदवाडजवळच्या घाटावर नेऊन नावेच्या पाठीला जोडले. मला चालवायला त्यांनी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला बाबालाल ठेवला. तो मूळचा कंदील आणि बंब दुरुस्त करणारा कारागीर. मी सुरू झाले नाही तर साहेब मला लाथ मारायचा. बाबालाल आधी मला पुसायचा आणि मग कुठे दुखते ते बघायचा.

पावसाळ्यात नदीला ओढ आली की वल्ही मारणारे चार गडी हात टेकायचे. तेव्हा मी भरलेली नाव पलीकडे न्यायची. बाजाराला निघालेल्या बायका माझे कौतुक करायच्या. सगळ्यांत जास्त कौतुक आक्काला. ती गणपतरावांची थोरली बहीण. रोज भाकरी घेऊन घाटावर यायची आणि मला 'लोखंडाचा बैल' म्हणायची. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

मग बेंदूर आला. त्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याची शिंगे रंगवतात, त्याला ओवाळतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. नाव त्या दिवशी बंद होती आणि बाबालाल कुठेसा गेला होता. आक्का ताट घेऊन आली. तिने मला कुंकू लावले, ओवाळले आणि मग माझे तोंड शोधू लागली. तिला पेट्रोलच्या टाकीचे झाकण दिसले. ते फिरवून तिने पोळीचा घास आत सोडला, झाकण लावले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून घरी गेली. टाकीतली पेट्रोल गाळणारी जाळी साहेबाच्या काळातच फाटलेली होती. मला ओरडायचे होते. पण मला कोणी फिरवल्याशिवाय आवाज फुटत नाही.

माझ्या अंगाला एक पितळी वाटी आहे. तिला कार्बोरेटर म्हणतात. टाकीतले पेट्रोल नळीने या वाटीत उतरते. वाटीत बुचाचा एक तुकडा तरंगतो. वाटी पुरेशी भरली की तो वर येतो आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. साधी गोष्ट आहे. पण पुरणाची एक कणी नळीतून आली आणि सुईखाली अडकली. वाट बंद होईना. वाटी भरून वाहू लागली. नाव घाटाला उभी असताना मी पाण्यावर असते. त्यामुळे गळलेला प्रत्येक थेंब नदी घेऊन गेली आणि मागे काही खूण राहिली नाही.

लढाईमुळे पेट्रोलचा डबा मिळणे मुश्कील झाले होते. तीन दिवस टाकी संध्याकाळच्या आत कोरडी पडली. चौथ्या दिवशी बाजाराच्या गर्दीसमोर गणपतराव बाबालालला म्हणाले, "सकाळी टाकी भरलीया आणि दोनच खेपा झाल्यात. ऱ्हायलेलं कुठं गेलं? इकलंस व्हय रं? आजपास्नं तुजं काम बंद."

माझा जीव तिळतिळ तुटला. गळत होते मी आणि चोर ठरत होता तो.

"जातो की मालक," तो म्हणाला. "पर चोर म्हणून न्हाय जायाचा. हिला हितंच खोलतो, सगळ्यांम्होरं."

त्याने मला काढून घाटाच्या पायरीवर ठेवले आणि कोरड्या फडक्याने पुसले. मग आक्काच्या चुलीतली राख मागवून माझ्या सांध्यांना चोळली आणि टाकीत पेट्रोल ओतले. टाकीचा सांधा कोरडा राहिला. नळी आवळणारी चाकीही कोरडी. पण वाटीच्या झाकणावरची राख काळी पडली आणि थेंब खाली पडला. लोक पुढे सरकले. बाबालालने वाटी उघडली. बूच पेट्रोल पिऊन जड झाले असेल म्हणून तरंगवून पाहिले, तर ते छान तरंगत होते. मग सुई बोटाने दाबून धरून त्याने नळीत फुंकर मारली. वाट बंद व्हायला हवी होती, तरी वारा आरपार गेला.

"सुई बसंना झालीया," तो म्हणाला. त्याने सुई काढली आणि तिच्याखालची पिवळी कणी बोटावर घेतली. वास घेतला. एकदा आक्काकडे पाहिले आणि मूठ मिटली.

"काय हाय?" गणपतरावांनी विचारले.

"कचरा हाय, मालक."

"मग दाव की. मूठ का झाकतोस?"

बाबालालने मूठ उघडली नाही. गर्दीत कुजबुज सुरू झाली. सुटायची वेळ आली आणि हा गप्प उभा, याचा मला संताप आला.

आक्का पायऱ्या उतरून आली. "मूठ उघड, बाबालाल. गणपा, पुरण हाय त्ये. म्या घातलंय. वरीसभर बैलावानी राबती, मग बेंदराला उपाशी कशी ठिवू? चुकलं आसंल तर मला बोल. त्याला चोर म्हणू नगंस."

गणपतराव खाली बघत म्हणाले, "बरं, लाव तिला परत."

"चोर म्हनला तवा घाट भरला हुता मालक," बाबालाल म्हणाला. "अजून बी भरलाय."

गणपतराव नावेकडे वळले. पण आक्का समोर उभी होती. "बाबालाल चोर न्हाय," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेले नाही म्हणून आक्काने त्यांना पुन्हा बोलायला लावले.

बाबालालने टाकी धुतली, जाळीला नवे कापड लावले आणि सुई बसवली. एक थेंब गळला नाही. पहिल्याच हिसक्याला मी अशी गरजले की काठावरची म्हैस पळाली.

पुढे माझे पाणी कापणारे पाते झिजले आणि नवे मिळाले नाही. आता मी बाबालालच्या दुरुस्तीच्या दुकानात भिंतीला आहे. मित्रांनो, यंत्र गळले तर त्याला पुसा, राख लावा, एकेक सांधा तपासा. हे सगळे होईपर्यंत कोणा माणसाचे नाव घेऊ नका. घ्याल तर मी गप्प बसणार नाही.

दर बेंदराला आक्का अजून येते. मला कुंकू लावते, ओवाळते, टाकीच्या झाकणावर एक हात घट्ट दाबून धरते आणि माझा घास बाबालालच्या तोंडात घालते.