मशीन वाचत नाही त्या ओळी

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. आकारामआबांनी मला शेवटचं उघडलं तो एक साधा शनिवार होता. कुंडलच्या पाणीपुरवठा संस्थेच्या पंपघरात त्यांनी चहा घेतला, चष्मा पुसला आणि पुण्याला मुलीला फोन लावला.

"उत्कर्षा, खालच्या बागांची पाण्याची पाळी वाढवायची हाय. आकडा कुठं टाकू?"

"आबा, मी कामात आहे. रविवारी बोलू."

"बरं बरं. कर तू काम."

त्यांनी माझ्यात एक ओळ लिहिली आणि मला बंद केलं. रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

मी कागदाची फाईल नव्हे. पंपघरातल्या कॉम्प्युटरमध्ये राहते. कोणता वॉल्व्ह कधी उघडायचा आणि किती मिनिटं, एवढंच माझ्यात लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर रोज पहाटे मला वाचतो आणि तसं पाणी सोडतो. बारा वर्षं हेच चाललं आहे.

माझ्या शेजारी आणखी दोघी आहेत. एक पंप चालवते, दुसरी शेतकऱ्यांच्या मोबाईलवर निरोप धाडते. आम्ही तिघी तीन कंपन्यांकडून आलो. माझ्यात आकड्याआधी '=' ही बरोबरची खूण लागते. पंपाच्या फाईलीत कंसात कंस. तिसरीत डावीकडे मोजून जागा सोडावी लागते, एक चुकली तर ती बोलतच नाही. मी मिनिटं मोजते, पंपाची सेकंद.

उत्कर्षा पुण्याला सॉफ्टवेअरचंच काम करते. दिवाळीला आली की वैतागायची.

"आबा, सगळ्यांची लिहायची रीत एक हवी. तुम्ही नसलात तर हे कोण वाचणार?"

"तीन गावच्या सुना ह्या. एका वळणाच्या कशा असतील? नांदवून घ्यायचं, दुसरं काय!"

तिचं म्हणणं खरं ठरलं. आबांच्या मागं पाणी सोडणाऱ्या जोतीरामकाकांनी पाळी वाढवायला घेतली. पंपाच्या फाईलीत त्यांनी मिनिटं समजून चाळीस लिहिलं. पंप चाळीस सेकंद फिरला आणि बंद पडला. चूक कुणाला सापडेना. मला तर कुणी उघडलंच नाही. खालच्या द्राक्षबागा पाच दिवस कोरड्या राहिल्या.

"आकारामनं सगळं डोक्यात ठेवलं," संस्थेचे अध्यक्ष मानसिंगराव म्हणाले, "आन् डोकं घिऊन गेला."

दिवसकार्य आटोपल्यावर उत्कर्षा पंपघरात आली. घरी ती रडली नव्हती. इथंही रडली नाही. आबांच्या खुर्चीवर बसली, त्यांचा चष्मा बाजूला सरकवला आणि तिघींना एकाच रीतीत ओतणारा छोटा प्रोग्राम लिहिला. सगळीकडे कंस, सगळीकडे मिनिटं. पंप सुरळीत चालला. बागांना पाणी गेलं.

"आता ह्या जुन्या पुसून टाकू," ती म्हणाली. पुसण्याआधी ताडून बघायचं म्हणून तिनं मला उघडलं. माझ्यात पन्नास ओळी होत्या. नव्या फाईलीत माझ्या वाट्याच्या तीसच.

"वीस वळी कुठं गेल्या गं?" जोतीरामकाकांनी विचारलं.

"त्यांच्या सुरुवातीला ही जाळीसारखी खूण आहे ना काका, तशी ओळ मशीन वाचत नाही. नव्या रीतीत तिला जागाच नाही."

"मशीन वाचत न्हाई, तर लिव्हलंय कुणासाठी?"

उत्कर्षा वाचू लागली.

# वॉल्व्ह चार हळू उघडतो. दोन मिनिटं जादा.

# बनाबाईची बाग उंचावर. पहिली पाळी तिला, तरच पाणी चढतं.

# पंपाच्या फाईलीत सेकंद. साठाने गुणणे. जोतीरामला सांगणे.

# उत्कर्षाला विचारणे. कामात आहे. रविवारी.

ही शेवटची ओळ सहा ठिकाणी होती. पुढं लिहिलेल्या तारखा तेवढ्या वेगळ्या.

"लय कौतुक तुझं त्याला," काका म्हणाले. "पोरगी लय कामात असती म्हणून सांगायचा समद्यांस्नी." मग ते वॉल्व्ह बघायला बाहेर गेले.

तिनं मला पुसलं नाही. तिघींना चालेल अशीच, पण जाळीच्या खुणेला जागा देणारी दुसरी रीत निवडली. माझ्या वीस ओळी प्रोग्रामला न देता स्वतः एकेक करून उतरवल्या. सगळी दुपार त्यात गेली.

मित्रांनो, माझं काम आता संपलं. आम्हा फायलींची रीत एक असावी, हे मला पटलं आहे. एक माणूस गेला म्हणून गावाचं पाणी अडू नये. पण रीत ठरवाल तेव्हा माणसानं माणसासाठी लिहिलेल्या ओळींना तिच्यात जागा ठेवा. आणि लिहिणारा असेपर्यंत त्या वाचा.

शेवटची ओळ उतरवल्यावर उत्कर्षाचे हात थांबले. पंप चालू होता. तिनं आबांचा चष्मा उचलला, काचा पदराने पुसल्या आणि पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाली,

"आबा, मी कामात नव्हते. एकदाही नव्हते."