चार तासांत माणूस

रामदासपेठेतल्या त्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर रोशनी मेश्राम पोचली, तेव्हा गोपाळराव नंदनवार आधीच बाकावर बसलेले होते. विक्रीचं काम ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. दारातून हाकललं तरी हसून परत कसं जायचं, डॉक्टर घाईत असला तर काय बोलायचं नाही, सगळं त्यांचंच. मागच्या वर्षी कंपनीनं त्यांना कमी केलं आणि पन्नाशी उलटल्यावर ते एका लहान कंपनीत लागले. आज दोघंही एकाच ऑर्डरसाठी आले होते. अतिदक्षता विभागाला चोवीस मॉनिटर हवे होते.

रोशनीचं मशीन नर्सेसनी वापरून पसंत केलं होतं. अडचण वेगळीच होती. तिच्या कंपनीचा नागपुरातला एकुलता एक सर्व्हिस इंजिनियर, पियुष, सोमवारी नोकरी सोडून गेला होता आणि तोही गोपाळरावांच्याच कंपनीत. आता मशीन बंद पडलं तर माणूस रायपूरहून येणार. सकाळी तिनं पुण्याच्या मॅनेजरला हे सांगून पाहिलं. त्याचं म्हणणं एवढंच, की विचारलं तर ‘चार तासांत माणूस हजर’ म्हणायचं. आणि दोन तिमाह्या टार्गेट चुकलंय, हे विसरायचं नाही.

आधी गोपाळरावांना बोलावलं. काचेपलीकडे ते बोलताना दिसत होते. मध्येच विभागप्रमुख डॉ. नूपुर देशकरांनी मान वळवून बाहेर बसलेल्या रोशनीकडे पाहिलं, आणि तिची खात्रीच पटली. पियुषचं सांगितलं यांनी. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही सांगितलं असतं.

बाहेर आल्यावर त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. "जाय," एवढंच म्हणाले.

आत डॉ. देशकरांनी कागद बाजूला सारले आणि सरळ विचारलं, "मशीन बंद पडलं, तर तुमचा माणूस किती वेळात येतो?"

चार तास हे शब्द रोशनीच्या अगदी जिभेवर होते. पण बाईंना सगळं ठाऊक आहे, आपण खोटं बोलतो का तेच त्या पाहताहेत, असं तिला वाटलं.

"मॅडम, सध्या नागपुरात आमचा माणूस नाही. सोमवारी सोडून गेला. नवा यायला तीन आठवडे लागतील. तोवर रायपूरहून येईल, सहा-सात तास धरा."

शेजारी बसलेल्या खरेदी अधिकाऱ्याचं लिहिणं थांबलं. डॉक्टरांनी बाजूला सारलेले कागद पुन्हा पुढे ओढले. मग म्हणाल्या, की इतक्या वर्षांत समोरच्या खुर्चीत बसून असं कुणी सांगितलं नव्हतं. नवा माणूस रुजू झाल्यावरच मशीन बसवा, तसं लेखी द्या, ऑर्डर तुमची.

ती उठताना त्या आणखी म्हणाल्या, "तुमच्या सर्व्हिसबद्दल मी गोपाळरावांना मुद्दाम विचारलं होतं. ते म्हणाले, पोरगी माझ्या हाताखाली तयार झाली आहे, शब्द दिला तर पाळेल."

ऑर्डर मिळाली होती, आणि रोशनीला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

गोपाळराव बाहेरच थांबले होते. तिचा चेहरा पाहून ते काय ते समजले.

"सर, पियुषचं तुम्ही काहून नाही सांगितलं?"

"त्याले आमच्याच लोकायनं फोडलं वं. त्याच्यावरच तुले पाडलं असतं, तर घरी जेवण गोड नसतं लागलं."

"मले वाटलं, तुम्ही सांगितलं असन. म्हणून मी खरं बोलली."

ऑर्डर गेल्याचं त्यांना लागलं नव्हतं इतकं हे लागलं, हे तिला दिसलं. त्यांनी बॅग उचलली आणि लिफ्ट सोडून जिन्यानं उतरून गेले.

महिन्याभरानं मशीनं बसली. पुण्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं रोशनीच्या खरेपणाचं उदाहरण सगळ्यांना दिलं. टाळ्या वाजल्या, ती खाली मान घालून बसली. नागपूरला परतल्यावर तिनं गोपाळरावांना फोन केला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. काटोलला एका नर्सिंग होमची ऑर्डर पाहायला चाललो, म्हणाले, बस सुटून राहिली, मंग बोलतो.