तळ्याची केस

आमच्या वहिनींनी वीस वर्षं पाणपक्ष्यांची घरटी मोजली आणि मग, कुणाची नजर लागली देव जाणे, नगरसेविका झाल्या. निवडून आल्या त्या एकाच वचनावर : बाजारामागचं तळं बुजवू देणार नाही. महापौरांना तिथं गाड्या उभ्या करायला जागा हवी होती.

वहिनींनी सभागृहात भाषणं केली. सगळे गाढ झोपले. शेवटी त्या वैतागून महापौरांना म्हणाल्या, "साहेब, एकदा स्वतः येऊन बघा तरी!"

साहेब आले. होडीत आधी त्यांचं पोट चढलं, मागून साहेब. एक वल्हं माझ्याकडे, एक वहिनींकडे.

"याला तळं म्हणता? डबकं आहे हो हे, बाई," साहेब म्हणाले.

तेवढ्यात होडी झुडपाला घासली आणि आतून हंसीण उसळली. अंड्यांवर बसलेली मादी ती! पहिल्याच फटक्यात पंखानं तिनं साहेबांचं नाक फोडलं. मग कानाची पाळी चोचीत धरून अशी पिळली, की रक्त माझ्या शर्टावर उडालं. साहेब आधी केकाटले, मग पिसाळले. दोन्ही हातांनी त्यांनी तिची मान आवळली. हंसिणीचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"वहिनी, मारा!" मी ओरडलो.

कुणाला, ते सांगायचं राहून गेलं.

वीस वर्षांची सवय. वहिनींनी वल्हं साहेबांच्या टाळक्यात हाणलं. वल्ह्याचे दोन तुकडे झाले, साहेब पाण्यात पडले आणि हंसीण पंख झटकत अंड्यांवर जाऊन बसली.

वहिनींचं पद गेलं, जामिनावर घरी आल्या. दादा कपाळ धरून बसला होता. "खुर्ची गेली, आता तुरुंगात जाशील! कळतंय का?"

"पण भराव थांबला ना?" वहिनी म्हणाल्या. कारण फौजदारांनी तळ्याभोवती पट्टी बांधली होती : घटनास्थळ. केस संपेपर्यंत तिथला चिखलसुद्धा हलवायचा नाही. "वकिलांना सांगा, सावकाश चालू द्या."

हे साहेबांच्या फुटक्या डोक्यात जरा उशिरा शिरलं. मग एक दिवस ते तळ्यावर आले. डोक्याला बँडेज, शेजारी फौजदार, मागे मातीनं भरलेले ट्रक. वहिनींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"तक्रार मागे घेतोय. माफ केलं तुम्हाला."

वहिनींचा चेहरा पडला. "साहेब, नका हो माफ करू."

"केलं म्हणजे केलं."

"पाया पडते!"

"अहो, बहीण मानतो मी तुम्हाला." साहेबांनी ट्रकवाल्याला हात केला. पहिला ट्रक गुरगुरला.

वहिनींनी फौजदारांच्या काखेतली काठी खेचली आणि साहेबांच्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज ट्रकच्या आवाजातही ऐकू आला. साहेब खाली लोळत होते, तरी वहिनींनी आणखी दोन ठेवून दिल्या.

"अहो बाई! माझ्यासमोर?" फौजदार किंचाळले.

"म्हणजे साक्षीदार हुडकायला नकोत." वहिनींनी काठी परत केली, हात पुढे केले. "तळ्याला पट्टी बांधा आधी. आणि कलम जरा भारी लावा हं, लगेच सुटेल असलं नको."